भरल्या गाडीचं माप

ललितच्या गाडीचं मागचं चाक आणि त्याच्यावरची पत्र्याची कमान यांच्यामध्ये एक अख्खी मूठ मावत होती, आणि गेला महिनाभर त्या मुठीने त्याच्या जेवणाची चव घालवली होती.

गाडी तशी वाईट नव्हती. दोन मालक बघून तिसऱ्याकडे आलेली, दहा वर्षांची पांढरी हॅचबॅक. सातपाटीच्या त्यांच्या गल्लीत ती शिरली की लोक वाळत घातलेल्या बोंबलांच्या खाली ठेवलेली भांडीकुंडी स्वतःहून बाजूला घ्यायचे, एवढा मान तिला होता. पण बनवणाऱ्यांनी खड्ड्यांचा विचार करून ती बनवलेली. पुढून इंजिनाच्या वजनाने जरा तरी बसायची, मागून मात्र दाणे टिपायला वाकलेल्या कोंबडीसारखी वर. आणि ललितला तर ती जमिनीला चिकटून चालायला हवी होती.

याला कारण बोईसरची बसकी मंडळी. हे त्यांच्या ग्रुपचं नाव, त्यांनीच ठेवलेलं. महिन्यातून एका रविवारी सकाळी नऊ वाजता एमआयडीसीच्या कडेला एका मोकळ्या मैदानात ही पंधरा-वीस पोरं आपापल्या गाड्या रांगेने लावायची. सगळ्या गाड्या खाली बसवलेल्या. ग्रुपचा म्होरक्या दिग्विजय. त्याची निळी गाडी इतकी खाली होती की मैदानात शिरताना तो स्वतः उतरून पुढचे दगड वेचायचा. ग्रुपमध्ये यायचं तर नियम एकच: मागच्या चाकावर दोन बोटं मावली पाहिजेत, तिसरं नाही. बसली गाडी की दिग्विजय मागच्या काचेवर चंदेरी स्टिकर चिकटवणार, आणि मग सगळे मिळून मनोरला हायवेवर नाश्त्याला जाणार.

ललित गेल्या खेपेला मोठ्या हौसेने गेला होता. दिग्विजयने वाकून त्या फटीत हात घातला, तर बोटं काय, मूठ आत गेली आणि मनगटही गेलं असतं. "अरे, इथे मांजर पिल्लं घालेल," तो म्हणाला आणि सगळे हसले. तेही ललितने सोसलं असतं. पण कोणीतरी उघड्या डिकीत नाक खुपसून विचारलं, "काय रे, मच्छी?" आणि ललितच्या तोंडून निघून गेलं, "शेजाऱ्यांचं पार्सल होतं." मग घरी कोण कोण, असा विषय निघाला, तेव्हा आई-वडील दोघं कंपनीत आहेत, असंही त्याने सांगून टाकलं. कुठल्या कंपनीत, हे कोणी विचारलं नाही म्हणून वाचला.

त्याची आई दमयंती पंचवीस वर्षं बोईसरच्या बाजारात मासे विकत होती. गाडी आल्यापासून, कंपनीत ललितची पहिली पाळी असेल त्या दिवशी तिच्या माशांच्या पाट्या डिकीत जायच्या. मैदानावरून परतल्यावर ललित तिला म्हणाला, "आई, पाट्या गाडीत नको आता. सीटला वास बसतो." ती "बरं" म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा शेअर रिक्षात मागे कोंबून बसायला लागली. एका शब्दाने काही बोलली नाही, त्यामुळे ललितला वाटलं की विषय मिटला.

आता गाडी खाली बसवायची कशी? तयार बुटक्या स्प्रिंगांचा सेट येतो, पण त्याच्या किमतीत ललितचे दोन महिन्यांचे पगार गेले असते. त्याहून भारी, बटणाने गाडी खालीवर करणारं जे असतं, त्याचे तो मोबाइलवर नुसते फोटो बघायचा. शेवटी बोईसरच्या शमीम मिस्त्रीने गरिबाचा इलाज सांगितला. मागच्या स्प्रिंगा काढायच्या, ग्राइंडरने दीड वेढा कापायचा आणि पुन्हा बसवायच्या. नव्या स्प्रिंगा नकोत, काही नको.

"गाड़ी बैठ जाएगी," शमीम म्हणाला, "लेकिन फिर पीछे वज़न मत डालना. सवारी नहीं, सामान नहीं. एक खड्डे में सब ऊपर आ जाएगा."

वजन टाकायचं नाही, हे ऐकून ललितला बरंच वाटलं. आईला पुन्हा कधी नाही म्हणावं लागणार नव्हतं, गाडीच तिला नाही म्हणाली असती.

शनिवारची वेळ ठरली, रविवारी मैदान. आणि शुक्रवारी संध्याकाळी सुपरवायझरने कळवलं की उद्या बारा तास थांबायचं आहे, पाळीतल्या जोडीदाराच्या बहिणीचं लग्न आहे. ललित तारापूरच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होता. तिथे मोबाइल गेटवरच जमा करावा लागतो, तेव्हा आत शिरलेला माणूस संध्याकाळपर्यंत जगाला मेल्यासारखाच. शेवटी त्याने बापाला धरलं.

रामनाथ तांडेल. तीस वर्षं बोट हाकलेला माणूस. गुडघे गेल्यावर समुद्र सोडला आणि नंतर काही वर्षं मच्छीमार सोसायटीचा बर्फाचा टेम्पो चालवला, त्यामुळे गाडी चालवायचं त्याला नवल नव्हतं. ललितने बांबूची एक कामटी मापाने कापली आणि त्याच्या हातात दिली.

"बाबा, नीट ऐका. काठी जमिनीवर उभी धरायची. मागच्या चाकावरची कमान काठीच्या टोकाला टेकली पायजे. जास्त नाय, कमी नाय. शमीमला एवढंच सांगा."

"म्हंजे गाडी काठीएवढी बसली पायजे."

"हां, बसली पायजे."

"मग सांग ना तसं," रामनाथ म्हणाला, आणि काठी त्याने देवघराशेजारी जपून उभी केली.

शनिवारी संध्याकाळी ललित कंपनीच्या बसमधून उतरून जवळजवळ धावतच गल्लीत आला. गाडी दारात उभी होती, कालच्याएवढीच उंच. त्याने मागच्या चाकावर हात घातला. मूठ आरामात आत गेली.

"बाबा!"

रामनाथ ओट्यावर चहा घेत होता. त्याने खिशातून नोटांची घडी काढून पोराच्या हातात ठेवली. "घे. काम झालं, पैसे पण नाय लागले. लय चांगला माणूस तो मिस्त्री, मला चहा पाजला."

"काय काम झालं? गाडी तर वरच हाय!"

"आता रिकामी हाय म्हणून वर दिसते. तिथे काठी लावली, बरोब्बर टेकली. मिस्त्री स्वतः बोलला, चचा, ये तो लाइन पे ही बैठी है, क्या काटूँ?"

हळूहळू सगळा उलगडा झाला. बोट पाण्यात किती बसते हे कसं बघतात, ते रामनाथला तीस वर्षं पाठ होतं. बर्फ भरायचा, डिझेल भरायचं, पाणी, जाळी, खलाशी, सगळं चढवायचं आणि मग बघायचं. बंदरात रिकामी उभी असलेली बोट उगाच वर तरंगते, तिच्यावरून माप घेणाऱ्या माणसाला सातपाटीत कोणी खलाशी म्हणूनही घेतलं नसतं. तेव्हा शनिवारी सकाळी त्याने आधी गाडी शिस्तीत भरली. सोसायटीतून फोडलेला बर्फ आणून डिकीत दोन क्रेट लावले, त्यावर दमयंतीच्या पाट्या. मागच्या सीटवर दमयंती, रामनाथची बहीण सुलू आणि शेजारची भावना वहिनी अशा तिघी बसवल्या, त्यांना तशाही बाजारातच जायचं होतं. आणि मग तो शमीमच्या दारात जाऊन काठी लावून उभा राहिला.

"पण रिकामी गाडी मोजायची होती!" ललित ओरडला.

रामनाथने कप खाली ठेवला. त्याला खरोखर कळेना. "रिकामी? रिकामी गाडी कोण मोजतं?"

ललित पायरीवर मटकन बसला. शमीम रविवारी दुकान उघडत नसे. सकाळी नऊला मैदान, आणि पुन्हा ती मूठ, पुन्हा ते मांजर. चोवीस वर्षांचा गडी, पण डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं. बापावर चिडावं तर बापाने आयुष्यात एखादं माप इतक्या मन लावून घेतलं नसेल.

दमयंती आतून कोयता धुऊन बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं.

"एवढं तोंड पाडायला काय झालं? उद्या रविवार. आमाला बोयसरला जायचंच हाय. आज बसलो तशाच बसतो. तुझ्या त्या पोरांनी मोजलं की आमी बाजारात उतरू."

"पाट्या घेऊन?"

"पाट्यांशिवाय तुझी गाडी बसेल काय?"

एकदा स्टिकर लागला की पुढच्या शनिवारी गुपचूप स्प्रिंगा कापून घेऊ, असा ललितने मनाशी हिशेब केला आणि हो म्हणाला.

सातपाटी ते बोईसर रस्त्यावर किती गतिरोधक आहेत, हे ललितला त्या रविवारी कळलं. पहिलाच शिरगावचा. गाडीच्या पोटाखालून असा आवाज आला की ललितने तिथेच ब्रेक दाबला. मग पद्धत ठरली. मोठा गतिरोधक आला की गाडी थांबायची, तिन्ही बायका उतरायच्या, गाडी मोकळी होऊन पलीकडे जायची, बायका चालत जाऊन पुन्हा बसायच्या. पालघर येईपर्यंत चार वेळा झालं. रस्त्याकडेची माणसं थांबून बघू लागली.

"ह्याच्यापेक्षा चालत निघालो असतो तर एव्हाना दुकान लावून झालं असतं," सुलू आत्या सीटवर आदळत म्हणाली. ती तिघींत सगळ्यात वजनदार, त्यामुळे ती बसली की गाडी बसल्याचं पुढे ललितलाही कळायचं.

"आत्या, जरा मधी सरक. एका बाजूला कलते," रामनाथ पुढच्या सीटवरून म्हणाला. बहिणीला तो पोरासारखंच आत्या म्हणायचा. काठी त्याने दोन गुडघ्यांमध्ये उभी धरली होती.

भावना वहिनीला हसू आवरत नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून तिची एवढी करमणूक झाली नव्हती, असं तिनेच सांगितलं.

उमरोळी मागे पडलं तसा ललित गप्प झाला. मग रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाला, "तिथे कोणी काय विचारलं तर... तुमी काय बोलू नका. मी बघतो."

भावना वहिनीचं हसू थांबलं.

"आमी कशाला बोलू?" दमयंती म्हणाली. "आमी वजन. वजन कुठे बोलतं?"

ती रागावली नव्हती, टोमणाही मारत नव्हती. ठरलेल्या कामात आपला वाटा काय, तेवढं तिने सांगितलं. ललितला मात्र लाज वाटली. त्याने आरशात पाहिलं. आई दोघींच्या मध्ये दबून बसली होती, मांडीवर पापलेटांची टोपली, आणि ओला पदर सीटला लागू नये म्हणून तिने तो हातात गोळा करून धरला होता.

मैदानात गाड्या रांगेने लागल्या होत्या. ललितने अगदी हलक्या पायाने गाडी टोकाला नेऊन उभी केली. दिग्विजय हात पुसत आला, मागच्या चाकाशी गुडघ्यावर बसला आणि त्याने दोन बोटं घातली. बोटं गेली. तिसरं घालून पाहिलं, ते अडलं.

"आयला!" तो उठला. "महिन्याभरात? आणि काय बसलीये रे! कुठल्या स्प्रिंगा टाकल्यास?"

पोरं जमली. कोणी फोटो काढले, कोणी खाली वाकून पाहिलं. ललितला वाटलं होतं, या क्षणी आपण हवेत तरंगू. प्रत्यक्षात कोणी डिकी उघडू नये म्हणून तो तिच्यापुढे उभा राहिला.

"अरे, मागून काहीतरी गळतंय," एक जण म्हणाला. डिकीखाली पाण्याची धार लागली होती. दिग्विजयने त्यात बोट बुडवलं, नाकाशी नेलं आणि भुवया वर केल्या. मग तो काचेतून आत बघायला लागला. मागच्या सीटवर तिघी बायका ओळखपत्राचा फोटो काढायला बसल्यासारख्या सरळ समोर बघत होत्या. पुढे एक म्हातारा काठी धरून तसाच.

"हे कोण?" दिग्विजयने विचारलं.

ललितने तोंड उघडलं, पण त्याच्याआधी मागून आवाज आला.

"लिफ्ट घेतली बाबा," दमयंती म्हणाली. "रिक्षा नाय मिळाली. आता उतरतो आमी पुढे."

भर बाजारात पोलिसालाही न घाबरणारी, गिऱ्हाईकाने भाव पाडला तर त्याच्या सात पिढ्या काढणारी ही बाई. आणि पोराची लाज राखायला तिने इतक्या बारीक आवाजात खोटं सांगितलं की ललितला आधी आवाज ओळखूच आला नाही. आपण किती नालायक आहोत, हे त्याला त्या एका वाक्यात स्वच्छ दिसलं.

"लिफ्ट नाय," तो म्हणाला. "आई हाय ती माझी."

दिग्विजयने पुन्हा काचेतून आत पाहिलं.

"आई हाय. बोयसरच्या बाजारात मच्छी विकते. ही सुलू आत्या, ही भावना वहिनी, हे बाबा. कंपनीत फक्त मी हाय. मागच्या टायमाला वास आला तो आमचाच होता, शेजाऱ्यांचा नाय. आणि स्प्रिंगा बिंगा काय टाकल्या नाय. डिकीत बर्फ हाय, मच्छी हाय आणि ह्या तिघी हायत, म्हणून गाडी बसली." एवढं एका दमात बोलून त्याने श्वास घेतला. "स्टिकर नको. आई, उतर तू. पाय आखडले असतील."

मग मागून कोणीतरी विचारलं, "म्हणजे ह्या उतरल्या की गाडी वर येते?"

"येते."

"बघू बघू!"

सगळे चाकाभोवती बसले. भावना वहिनी उतरली, कमान जराशी हलली. दमयंती उतरली, तिसरं बोट आत गेलं. सुलू आत्या उतरली तेव्हा गाडीने असा काही सुस्कारा सोडून अंग वर घेतलं की पोरांनी टाळ्या वाजवल्या. आत्याला त्या टाळ्या इतक्या आवडल्या की ती पुन्हा बसून पुन्हा उतरली. डिकी उघडली, क्रेट खाली आले. रविवारची सकाळ, समोर बर्फात ताजी पापलेटं आणि सुरमई. ज्याने मागच्या महिन्यात डिकीत नाक खुपसलं होतं, तोच पहिला म्हणाला, "काकू, सुरमई कशी दिली?" आणि दमयंतीचा आवाज एकदम जागेवर आला. दहा मिनिटांत तिने तिथेच निम्मा माल विकला. खाली बसवलेल्या गाड्यांच्या डिक्यांत सुरमई गेली. घासाघीस करणाऱ्या एकाला तिने असं काही सुनावलं की त्याने मुकाट्याने दोन पापलेटं जास्त घेतली.

शेवटी दिग्विजय पुन्हा चाकाशी बसला. मूठ आत गेली.

"नियमाने गाडी उंच आहे रे," तो म्हणाला, आणि हे सांगताना त्यालाही अवघड झालं होतं.

"हाय तशी हाय," ललित म्हणाला. त्याला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण महिनाभर छातीवर बसलेलं काहीतरी उतरलं होतं. "आता कापणार पण नाय स्प्रिंगा. कापल्या तर आईच्या पाट्या कुठे ठेवू?"

दमयंतीने मासा पिशवीत घालता घालता हे ऐकलं. तिने वर पाहिलं आणि ते पापलेट त्या गिऱ्हाइकाला पैसे न घेताच देऊन टाकलं. असं तिने पंचवीस वर्षांत केलं नव्हतं.

रामनाथ मात्र अजून काठी धरून तिथेच उभा होता. त्याचा जीव मापात अडकला होता. "ए पोरा," त्याने दिग्विजयला हाक मारली, "तुझ्या नियमात गाडी रिकामी मोजायची असं लिहिलंय काय?"

"लिहिलेलं काहीच नाही, काका."

"मग? गाडी कशाला असते? माणसं बसायला ना? बसल्यावर मोजायची का माणसं उतरल्यावर?"

दिग्विजय डोकं खाजवत बाकीच्यांकडे बघायला लागला. त्यांतले दोघंतिघं काठीकडे बघून माना डोलावत होते.

तोवर दमयंतीने हात बर्फाच्या पाण्यात धुतले, पदराला पुसले, पोरांकडून क्रेट परत डिकीत लावून घेतले. निम्मा माल गेला होता, तेवढं वजन कमी पडणार, हे तिच्या लक्षात आलं होतं. तिने समोर उभ्या असलेल्या दोन धडधाकट पोरांना दंडाला धरून डिकीच्या कडेवर बसवलं, सुलूला आणि भावनाला आत ढकललं, आणि स्वतः मधे बसली. या खेपेला तिने पदर गोळा करून धरला नाही. ओला होता, तो सीटवर पसरला.

"ललित, तू पण बस तुझ्या जागेवर," ती म्हणाली. "आणि तू रे, निळ्या गाडीवाल्या, घाल आता बोटं."